दुसऱ्यांदा येणारा स्वयंसेवक

मुक्त प्रकल्पासाठी माणसं गोळा करणं फारसं अवघड नाही. मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात एखाद्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा मिळते, चहाची सोय होते, मुलंमुली खाती उघडतात, शेवटी सगळ्यांचा फोटो निघतो. काही महिन्यांनी त्याच खात्यांचा इतिहास उघडला की बहुतेकांची शेवटची नोंद त्या दिवसाचीच दिसते. येवल्यात असा गट उभारायचं आपल्या मनात असेल, तर पहिल्या दिवशीची हजेरी फार मनावर घेऊ नका. दुसऱ्यांदा कोण आलं, ते पाहा. खालची प्रत्येक पायरी त्या दुसऱ्या वेळेसाठी आहे.

आधी थोडी ओळख. ज्याचा मूळ ऐवज कुणालाही पाहता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतो, अशा कामाला मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स म्हणतात. १९९१ साली सुरू झालेलं लिनक्स तसं आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसही तसंच. हाच विचार पुढे ज्ञानाच्या आणि नकाशाच्या कामात आला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो तेही मुक्तस्रोत आहे आणि त्यातल्या सूचना स्वयंसेवकांनीच मराठीत आणल्या आहेत. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासूनचा जगाचा मुक्त नकाशा. यात लेख लिहिणाऱ्या, नकाशा भरणाऱ्या बहुतेकांना पगार नाही. बिनपगारी माणूस स्वतःच्या मर्जीनं येतो, आणि मर्जी मोडायला फार थोडं पुरतं.

पहिली पायरी काम ठरवण्याची. ‘येवल्याची सगळी माहिती इंटरनेटवर आणू’ ही इच्छा झाली, काम नव्हे. काम असं हवं की ते कुठवर आलं हे कुणालाही बघून कळेल. तालुक्यात शंभराहून अधिक गावं आहेत. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक ठिकाणाला मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो. अंदरसूल, पाटोदा, राजापूर, ममदापूर, मुखेड अशी एकेक नावं तपासून तो रकाना भरत गेलं की किती गावं झाली, किती उरली हे कागदावर मांडता येतं. किंवा पैठणीचे काठ आणि नक्ष्या घ्या: नारळी काठ, बांगडी मोर, आसावली, मुनिया. प्रत्येकाचं एक चांगलं छायाचित्र आणि खाली दोन ओळींची मराठी माहिती, असं काम विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, करता येतं.

यांतलं एकच काम पहिल्या सहा महिन्यांसाठी घ्या. तात्या टोपे, मुक्तिभूमी, पैठणी, पतंग, ममदापूरची काळविटं, सगळंच जवळचं वाटतं, पण सगळं एकदम घेतलं की प्रत्येक विषयाला एकेकच माणूस उरतो, आणि एकटा माणूस लवकर थांबतो.

काम ठरलं की त्याचे नियम आधी वाचून घ्या आणि नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगा. इथे गट फार फसतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये गुगल मॅप्सवरून पाहून काहीही उतरवता येत नाही; स्वतः पाहिलेलं, माहीत असलेलं किंवा परवाना असलेल्या उपग्रहचित्रावरून काढलेलंच चालतं. विकिपीडियात वर्तमानपत्रातला उतारा जसाच्या तसा टाकता येत नाही. आणि कॉमन्सवर चढवलेलं छायाचित्र जगात कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. एखाद्या विणकराच्या मागावरची नवी नक्षी टिपण्याआधी ही शेवटची गोष्ट त्याला नीट समजावून सांगायला हवी. काका नको म्हणाले, तर कॅमेरा खाली ठेवायचा. त्यांचं पोट त्या नक्षीवर आहे.

आणखी एक अडचण येवल्यासारख्या गावात हमखास येते. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग आहे, असा मुलगा आजोबांनी सांगितलेली माहिती विकिपीडियातल्या लेखात लिहितो. माहिती खरी असते, पण विकिपीडियाला छापील किंवा अन्य प्रकाशित आधार लागतो. कुणीतरी तो मजकूर काढून टाकतं. मुलाला वाटतं, आपल्या आजोबांना खोटं ठरवलं. तो पुन्हा येत नाही, आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. हे टाळता येतं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात केलेल्या धर्मांतराच्या घोषणेबद्दल भरपूर छापील साहित्य आहे, तिथे नव्या माणसाला बसवा. आजोबांचं बोलणं मात्र त्यांच्या परवानगीनं ध्वनिमुद्रित करून कॉमन्सवर ठेवता येतं. दोन्ही कामांना जागा आहे. कोणतं कुठे जातं हे आधी सांगितलं म्हणजे झालं.

दुसरी पायरी सगळ्यांना दिसेल अशा एका ठिकाणाची. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात मूळ फायलींच्या शेजारी एक ‘रीडमी’ फाईल असते: हे काय आहे, कशासाठी आहे, सुरुवात कुठून करायची. आपल्या गटालाही असं एक पान हवं. त्यात चारच गोष्टी पुरतात: सध्याचं काम, उरलेल्या कामांची यादी, नियम, आणि अडलं तर कुणाला विचारायचं. पान लिहून झालं की गटाबाहेरच्या कुणाला तरी, शेजारच्या ताईंना किंवा बारावीतल्या भाच्याला, वाचायला द्या. ते जिथे थांबून विचारतील ती ओळ पुन्हा लिहायची.

आता व्हॉट्सॲप गटाविषयी. तो करायला हरकत नाही. भेटीची वेळ कळवायला त्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. पण सगळे निर्णय तिथेच होऊ लागले की चार महिन्यांनी आलेल्या माणसाला मागचं काहीच दिसत नाही. ‘हे तर आपण कधीच ठरवलंय’ असं त्याला ऐकवलं जातं आणि आपण परके आहोत हे त्याला कळून चुकतं. मराठी विकिपीडियावर सार्वजनिक चर्चेसाठी ‘चावडी’ नावाचं पान आहे. कुणी काय सुचवलं, कुणी हरकत घेतली, शेवटी काय ठरलं, हे तिथे वर्षांनंतरही वाचता येतं. आपल्या गटातही बोलणं कुठेही होवो, ठरलेली गोष्ट त्याच दिवशी दोन ओळींत सार्वजनिक पानावर लिहायची. हे काम एका माणसाकडे सोपवा आणि दर महिन्याला माणूस बदला.

तिसरी पायरी पहिल्या कामाची. नव्या माणसाचं पहिलं काम अर्ध्या तासात पूर्ण व्हावं आणि त्याला ते तिथेच झालेलं दिसावं. हातमागावर नव्यानं आलेलं पोर आधी कांड्या भरतं. कांडी भरून झाली की ती लगेच धोट्यात बसते आणि आपण केलेलं वस्त्रात जाताना त्याला दिसतं. मुक्त प्रकल्पात अशा कांड्या आपणच आधी तयार करून ठेवायच्या असतात. सॉफ्टवेअरवाले यांना ‘गुड फर्स्ट इश्यू’, म्हणजे पहिल्यांदा हात घालायला योग्य काम, अशी खूण लावतात. ही कामं जुन्या माणसांना पाच मिनिटांची असतात. ती स्वतः उरकून टाकायचा मोह त्यांनी आवरायला हवा.

मराठी विकिस्रोताचं उदाहरण मला यासाठी फार चांगलं वाटतं. तिथे प्रताधिकार संपलेल्या जुन्या पुस्तकांची पानं चित्ररूपात असतात आणि शेजारी मजकूर. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. स्वयंसेवक एक पान घेतो, चित्राशी ताडून मजकूर दुरुस्त करतो, पान पिवळं होतं. दुसरा माणूस तेच पान पुन्हा तपासतो, ते हिरवं होतं. काम एका पानाएवढं लहान, झालेलं रंगानं दिसतं, आणि दुसऱ्या कुणीतरी आपलं पान वाचलं हेही कळतं. आपलं काम कोणतंही असो, त्याचे असे पानाएवढे तुकडे पाडता येतात का ते पाहा. एका गावाचं नाव, एका मंदिराचं ठिकाण, एका नक्षीचं छायाचित्र.

पहिल्या भेटीतल्या तांत्रिक अडचणी साध्या असतात, पण दिवस वाया घालवतात. विकिपीडियावर एकाच इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. प्रयोगशाळेत तीस जण बसले की सातव्याला खातं उघडता येत नाही आणि कारण कुणालाच कळत नाही. म्हणून खाती आदल्या दिवशी, आपापल्या घरून, मोबाइलच्या डेटावर उघडायला सांगा. देवनागरी टंकलेखनाची सवय नसेल तर विकिपीडियाच्या संपादन खिडकीत कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबून मराठी लिहिता येतं. ज्यांना मोडायची भीती वाटते त्यांना आधी ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानावर बसवा.

येवल्यात अनेकांकडे संगणक नसेल, फोनच असेल. त्यांना मागच्या बाकावर बसवून दुसऱ्याचा पडदा बघायला लावू नका. नकाशाच्या कामासाठी अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. आपण जिथे उभे आहोत तिथल्या गोष्टींविषयी ते साधे प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी आहे का, या दुकानाची वेळ काय. विंचूर चौफुलीपासून शनिपटांगणापर्यंत चालत जाता जाता कितीतरी उत्तरं देता येतात.

चौथी पायरी पहिल्या उत्तराची. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, म्हणून इथे जरा थांबतो.

सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात बाहेरचा माणूस बदल सुचवतो त्याला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात: ‘मी असा असा बदल केला आहे, तो मूळ कामात घ्यावा’ ही विनंती. तिच्यावर कुणीतरी जुन्यानं पाहून हो, नाही किंवा ‘एवढं दुरुस्त करा’ असं सांगायचं असतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं स्वतःच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की ज्यांच्या पहिल्या बदलाला ४८ तासांच्या आत उत्तर मिळालं ते फार मोठ्या प्रमाणात परत आले. ज्यांना सात दिवसांहून जास्त वाट पाहावी लागली, त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीच परतलं नाही. उत्तर नकाराचं असेल तर माणूस जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात शांततेनं तो जास्त जातो.

उलट बाजूही पाहू. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ च्या सुमारास सर्वांत जास्त होती, मग ती घटत गेली. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याची मोठी कारणं सापडली ती अशी: खोडसाळपणा रोखण्यासाठी केलेली यंत्रसाधनं आणि कडक होत गेलेले नियम चांगल्या हेतूनं आलेल्या नवख्यांचंही लिखाण झटपट उलटवू लागले. उत्तर लगेच मिळत होतं, पण ते यंत्राचं होतं आणि त्यात माणसाला उद्देशून काही नव्हतं.

म्हणजे उत्तर लवकर हवं आणि माणसाचं हवं. समजा एका ताईंनी अंदरसूलच्या लेखात चार ओळी घातल्या आणि त्यातल्या दोनांना आधार नाही. त्या उलटवून मोकळं होण्याऐवजी त्यांच्या चर्चा पानावर असं लिहिता येईल: ‘नमस्कार ताई, अंदरसूलच्या लेखात आपण रेल्वे आणि बाजाराबद्दल घातलेली माहिती लेखात नव्हती, ती आल्यानं लेख सुधारला. शेवटच्या दोन ओळींना छापील आधार सापडला नाही म्हणून त्या सध्या लेखाच्या चर्चा पानावर आणून ठेवल्या आहेत, पुसलेल्या नाहीत. आपल्याला एखादं पुस्तक किंवा बातमी माहीत असेल तर कळवा, मी संदर्भ जोडायला मदत करतो.’ यात काय आवडलं, काय अडलं, मजकूर कुठे आहे आणि पुढे काय करायचं हे चारही आलं. लिहायला पाच मिनिटं लागतात.

हे काम ‘ज्याला जमेल त्यानं करावं’ असं सोडलं की कुणीच करत नाही. आठवड्याची पाळी लावा. त्या आठवड्यात गटातला एक जण रोज संध्याकाळी ‘अलीकडील बदल’ उघडून नवं काय आलं ते पाहील आणि प्रत्येक नव्या माणसाला उत्तर देईल. पूर्ण तपासायला वेळ नसेल तर ‘पाहिलं, रविवारी सविस्तर कळवतो’ एवढं तरी लिहायचं, आणि रविवारी खरोखरच कळवायचं. मराठी विकिपीडियावर स्वागताचा संदेश ठरलेल्या साच्यातून टाकता येतो. नेमून दिलेलं काम आपोआप करणाऱ्या आज्ञावलीला तिथे ‘सांगकाम्या’ म्हणतात. नेहमीच्या जोडण्या-दुरुस्त्या सांगकाम्याकडे खुशाल द्या. पहिलं उत्तर मात्र त्याच्यावर सोपवू नका.

पाचवी पायरी नियमितपणाची. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी भेटा, चारच जण आले तरी. तारीख दर वेळी नव्यानं ठरवू लागलात की दोन-तीन भेटींतच गट विरतो. वार ठरवताना गावाचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवा. भाषा पंधरवडा १४ ते २८ जानेवारीला असतो, आणि संक्रांतीच्या तीन दिवसांत, भोगीपासून करीपर्यंत, येवल्यातला माणूस पतंगाची आसारी घेऊन गच्चीवर असतो. तेव्हा कार्यशाळा ठेवलीत तर रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलावं लागेल. पंधरवड्याचा शेवटचा आठवडा घ्या. परीक्षा, उन्हाळ कांद्याची काढणी, लग्नसराईत मागावरची घाई, हे महिने मंदच जाणार हे गृहीत धरा आणि त्यावरून कुणाला बोल लावू नका.

भेटीची वेळ आणि जागा कोण येऊ शकतं हे ठरवते. रात्री साडेआठला कुणाच्या तरी कार्यालयात भेट ठेवली की मुली आणि घर सांभाळणाऱ्या बायका आपोआप गळतात, त्यांना कुणी नको म्हटलेलं नसलं तरी. वाचनालय किंवा शाळा, आणि दुपारची वेळ, एवढ्या बदलानं फरक पडतो. कुणी कुणाशी वाईट वागलं तर तक्रार कुणाकडे करायची, हे पहिल्याच पानावर दोन नावांनिशी लिहा. त्यातलं एक नाव बाईचं असू द्या. मोठ्या प्रकल्पांत याला आचारसंहिता म्हणतात आणि ती लेखी असते. लहान गटात सगळे ओळखीचे असतात, म्हणूनच तिची गरज जास्त: ओळखीच्याविरुद्ध बोलणं अधिक अवघड असतं.

बक्षिसांविषयी सावध राहा. डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम घेते. २०२० साली चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळणार होता. झालं असं की जगभरातून हजारो निरर्थक विनंत्या येऊन पडल्या: कुणी एक शब्द घातला, कुणी एक स्वल्पविराम. प्रकल्प सांभाळणारे स्वयंसेवक त्या निस्तरण्यात दमले आणि कंपनीला उपक्रम चालू असतानाच नियम बदलावे लागले. जे प्रकल्प स्वतःहून हो म्हणतील तेवढेच धरायचे ठरलं. ‘जास्तीत जास्त लेख लिहिणाऱ्यास बक्षीस’ अशी स्पर्धा आपण लावलीत, तर यंत्रानं भाषांतर केलेले लेख येतील, ते पुसायचं काम गटातल्या चांगल्या माणसांवर पडेल आणि तीच माणसं कंटाळतील. खर्च करायचाच तर राजापूरहून येणाऱ्याच्या एसटी भाड्यावर, मोबाइलच्या डेटावर आणि चहावर करा. कामाची दाद द्यायची असेल तर नाव घेऊन, नेमकं काय केलं ते सांगून द्या. ‘सर्वांचे आभार’ म्हटलं की कुणालाच काही मिळत नाही.

सहावी पायरी, वाढत्या जबाबदारीची. काही महिने टिकलेल्या माणसाला तेच तेच काम देत राहिलात तर तोही जाईल. अपाची प्रतिष्ठानाच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत मदत करणारा माणूस काही काळानं ‘कमिटर’ होतो, म्हणजे मूळ कामात थेट बदल करायचा अधिकार त्याला मिळतो. पुढे तो प्रकल्पाच्या समितीत येतो. मराठी विकिपीडियात साध्या सदस्यापासून प्रचालकापर्यंत अशाच पायऱ्या आहेत. प्रचालक पानं वगळू शकतो, खोडसाळ खातं रोखू शकतो, आणि त्याची निवड इतर सदस्यांच्या सार्वजनिक कौलानं होते. आपल्या छोट्या गटातही हे करा: पाचसहा गावांची नावं नीट तपासलेल्याला दुसऱ्याचं तपासायला सांगा, तपासणाऱ्याला उत्तरांच्या पाळीत घ्या, पाळी सांभाळणाऱ्याला पुढची भेट चालवू द्या. आपण पहिल्या रांगेत बसा आणि मध्ये बोलू नका.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे लवकर करायला लागतं. बाभूळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शेवटच्या वर्षाची चार हुशार मुलं मिळाली की गट भरल्यासारखा वाटतो, पण जूनमध्ये ती पुण्याला किंवा नाशिकला जातात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घ्या आणि तिसऱ्या वर्षात त्यांच्यावर दुसऱ्या वर्षाची नवी मुलं सोपवा. शिवाय गावातच राहणारी माणसं हवीत: शिक्षक, ग्रंथपाल, दुकानदार, निवृत्त तलाठी. गावांची नावं, शिवारं, जुन्या वाटा तलाठ्याइतक्या कुणाला माहीत असतात?

सातवी पायरी उत्साहाच्या दिवसांत कुणालाच आठवत नाही, ती म्हणजे सगळं एकाच माणसाकडे असू नये. पासवर्ड, संकेतस्थळाचं नाव, गटाचं ईमेल, व्हॉट्सॲपचं ॲडमिनपद, हे बहुधा सुरुवात करणाऱ्याकडे असतं. त्याची बदली झाली, तो आजारी पडला किंवा नुसता वैतागला, तरी सगळ्यांचं काम थांबतं.

जगातल्या मोठमोठ्या प्रकल्पांनाही हे भोवलं आहे. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर. बँकांपासून दुकानांपर्यंत असंख्य ठिकाणी वापरात. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ ही गंभीर चूक उघड झाली, तेव्हा लोकांना कळलं की त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच आहे आणि वर्षाला देणग्या येतात जेमतेम दोन हजार डॉलर.

दहा वर्षांनी त्याहून भीतिदायक प्रकार घडला. फायली दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं सॉफ्टवेअर लासे कॉलिन हे वर्षानुवर्षं बिनपगारी, जवळजवळ एकटे सांभाळत होते. काही खात्यांनी ‘काम फार हळू चाललंय, दुसऱ्याला द्या’ असा तगादा लावला. त्याच काळात जिया टॅन या नावानं कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं नीट काम करत राहिलं, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले, आणि मग त्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा घातला. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं तो उघड केला. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून तो मागावर गेला होता. ही गोष्ट ऐकून नव्या माणसांवर संशय घ्यावा असं काही जणांना वाटतं. माझ्या मते यातला धडा कॉलिन यांच्या एकटेपणाचा आहे. त्यांच्या सोबतीला आधीच आणखी दोघं असते, तर दमून सगळं एकाच अनोळख्याच्या हाती द्यायची वेळ आली नसती, आणि आलेला प्रत्येक बदल दुसऱ्या डोळ्यांखालून गेला असता.

म्हणून प्रत्येक कामाला दोन नावं लावा, आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या नावानं ते काम खरोखर करून पाहावं. ईमेल उघडतो का, पान बदलता येतं का, वाचनालयाच्या खोलीची परवानगी कुणाच्या सहीनं मिळते. कागदावरचं दुसरं नाव ऐन वेळी उपयोगी पडत नाही, कारण त्याला पासवर्ड कधी दिलेलाच नसतो.

शेवटची पायरी जाण्याची. माणसं जाणारच: लग्न, नोकरी, बाळंतपण, शेती, आजारपण. जाणं लपवावं लागू नये एवढीच काळजी घ्या. लिनक्सच्या मूळ फायलींत एक मोठी यादी असते. कोणता भाग कोण सांभाळतो आणि कोणत्या भागाला सध्या वालीच नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. डेबियन या प्रकल्पात बराच काळ न दिसलेल्या सदस्यांची चौकशी करणारा वेगळा गट आहे. तो आधी ख्यालीखुशाली विचारतो, आणि जमत नसेल तर ते काम दुसऱ्यासाठी मोकळं करून देतो. आपल्याकडेही वर्षातून एकदा, दिवाळीआधी, यादीतल्या प्रत्येकाला फोन करा: पुढच्या वर्षी हे काम ठेवायचं आहे का, कमी करायचं आहे का, थांबायचं आहे का. थांबतो म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. त्याच्याकडच्या फायली, अर्धवट राहिलेल्या गावांची नावं आणि पासवर्ड एका बैठकीत दुसऱ्याकडे द्या, आणि त्याचं नाव मुख्य पानावर ‘माजी सदस्य’ म्हणून राहू द्या.

त्याचं खातं मात्र बंद करू नका आणि व्हॉट्सॲप गटातून त्याला काढूही नका, त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय. सुट्टीला गावी आलेल्या माणसाकडे एखादी मोकळी दुपार असते. त्या दुपारी करता येईल असं एक लहान काम यादीत सर्वांत वर ठेवा आणि तो आल्याचं कळलं की त्याला त्याचा दुवा पाठवा.